रिमॅप हवाय की एक्स्टेंडेड वॉरंटी?

टर्बो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ‘स्टेज १’ रिमॅप केला की पिकअपमधला फरक लगेच जाणवतो. पण वाढलेला ताण झेलतात टर्बो आणि गिअरबॉक्स. एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी आपण पैसे मोजतो, तेही नेमक्या अशाच महागड्या दुरुस्त्यांच्या धास्तीने!

‘सर्व्हिसिंगआधी स्टॉक फाइल टाकून देऊ’, असं ट्यूनर सांगतात. मात्र अनेक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा बदललं याची नोंद राहते. मूळ फाइल परत टाकली, की नोंदीत आणखी एक भर.

अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे नुसतं मॉडिफिकेशन दिसलं म्हणून वॉरंटी सरसकट नाकारता येत नाही. आपल्याकडे ग्राहक आयोगात दाद मागता येते, पण तोवर गाडी गॅरेजमध्येच. त्यामुळे वॉरंटी घेतली असेल तर ती संपेपर्यंत थांबा. अगदीच राहवत नसेल, तर वॉरंटी घेऊ नका. तेवढे पैसे गिअरबॉक्ससाठी बाजूला ठेवा.