सेंट बर्नार्ड आणि बीडचा मे महिना

चिरंजीवांना राखणीसाठी सेंट बर्नार्डचं पिल्लू हवंय. आल्प्सच्या बर्फात हरवलेल्या वाटसरूंना हुडकणारं कुत्रं! बीडचा पारा मे महिन्यात 42 अंशांवर जातो. ते चोर काय हुडकणार? चोरच त्याला पाणी पाजतील. शिवाय वाढलं की सत्तर किलो. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींपेक्षा... जाऊ द्या.

अहो, बालाघाटाच्या माळावर धनगरांची कुत्री उन्हातान्हात मेंढरं राखतात, लांडग्याला अंगावर घेतात. त्यातलंच आठ आठवडे आईजवळ राहिलेलं पिल्लू आणा, माणसांत वाढवा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा.

‘पण बाबा, त्याला सर्टिफिकेट?’

सर्टिफिकेटं चोख असलेलीच कर्जं बुडताना मी बँकेत वीस वर्षं पाहतोय!

तरी काल घरी कूलरचं कोटेशन आलंय. कुत्र्यासाठी.