एका कोयत्याला दोन माणसे

स्त्रीवादाच्या शाखा किती, हा प्रश्न हल्ली परीक्षेत विचारला जातो. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, दलित अशी नावे ओळीने लिहावीत, प्रत्येकीखाली दोन ग्रंथ व दोन सनावळ्या द्याव्यात, की गुण पदरात पडतात. आपल्या अभ्यासशिबिरांतही हा विषय याच रीतीने शिकवला जातो आणि शिबिरार्थी दुपारच्या जेवणापर्यंत तो विसरून जातात. ते जेवण कोणी रांधले, हे मात्र कोणालाच विचारावेसे वाटत नाही. विचारप्रणालींची अशी वंशावळ पाठ करण्याने चळवळ तसूभरही पुढे सरकत नाही. प्रत्येक विचाराला एकच प्रश्न विचारावा: आपल्या भूमीतील सर्वांत पिळल्या गेलेल्या स्त्रीच्या श्रमाचा हिशेब तू कसा मांडतोस? उत्तरावरून त्या विचाराची योग्यता ठरवावी.

ती स्त्री शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून लाखो माणसे साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीला जातात. मुकादम त्यांची मोजणी माणशी करीत नाही. तो ‘कोयते’ मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्याची, कामाचा हिशेबही कोयत्याचा. आणि ती उचल घेतो, तो हिशेब करतो पुरुष. नवरा ऊस तोडतो, बायकोही तोडते. मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. त्याआधी पहाटे उठून तिने कोपीवर पाणी भरलेले असते, भाकरी थापलेल्या असतात, लेकरू पाजलेले असते. या दुसऱ्या श्रमाची नोंद मुकादमाच्या वहीत नाही, आणि पहिल्या श्रमाच्या नोंदीत तिचे नाव नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो व दोघांच्याही हिशेबातून पैसे कापले जातात. मासिक पाळीतही खाडा, गर्भारपणातही खाडा. या खाड्याच्या भयाने, वैद्यकीय नफेखोरीच्या साह्याने, बायकांनी गर्भाशयेच काढून टाकली, हे २०१९ साली उघड झाले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीतून जो आकडा आला, तो १३,८६१ शस्त्रक्रियांचा होता.

आता शाखांना या कोपीच्या दाराशी उभे करू.

प्रथम उदारमतवाद. मेरी वोलस्टनक्राफ्टने १७९२ साली स्त्रीच्या विवेकशक्तीचा कैवार घेतला, जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ साली स्त्रियांच्या कायदेशीर दास्यावर कठोर प्रहार केला. हे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. मतदान, शिक्षण, मालमत्ता, घटस्फोट हे हक्क कोणी ताटात वाढून दिलेले नाहीत. हिंदू कोड बिलाची वाताहत पाहून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे ‘बूर्झ्वा हक्क’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी विसरू नये. परंतु उदारमतवादाची दृष्टी उंबरठ्यापर्यंतच जाते. कायद्यापुढे दोघे समान ठरली की त्याचे काम संपते. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामाला समान वेतन सांगितले. पण जिथे वेतनच दोघांचे मिळून एक आहे, तिथे समानतेचे माप कशाला लावायचे? आजचा उदारमतवाद तर आणखी खाली घसरला आहे. एखादी स्त्री बँकेच्या अध्यक्षपदी बसली की त्याला मुक्तीची पहाट दिसते. २०२३ साली लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती झाली, तीही जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून. आणि तिचा जयजयकार मात्र त्याच दिवशी झाला. प्रतिनिधित्व हवेच. पण कारखान्याच्या संचालक मंडळावर चार स्त्रिया बसल्या आणि मुकादमाची वही तशीच राहिली, तर कोपीतल्या स्त्रीला त्याचे काय?

दुसरा पक्ष जहाल स्त्रीवादाचा. १९७० साली केट मिलेट व शुलामिथ फायरस्टोन यांच्या ग्रंथांनी अमेरिकेत जे वादळ उठवले, त्याची आपल्याकडे टवाळीच अधिक झाली. घरातली सत्ता हीदेखील राजकीय सत्ता आहे, शय्यागृहात व स्वयंपाकघरात जे घडते ते खाजगी नाही, हे त्यांचे प्रतिपादन कोणाला झोंबले? ज्यांची सत्ता घरात अबाधित होती त्यांनाच. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. आणि १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायमूर्तींना खुले पत्र लिहिले तेव्हा देश हलला. १९८३ च्या कायदेदुरुस्तीमागे स्त्री संघटनांचे ते आंदोलन होते. देहावरील सत्ता हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी रस्त्यावर उतरून सिद्ध केले. ऊसतोड स्त्रीचे गर्भाशय हा तरी आणखी कशाचा पुरावा आहे? तथापि या विचाराची मर्यादाही इथेच दिसते. सगळे पुरुष एक वर्ग व सगळ्या स्त्रिया दुसरा, एवढ्याने भागत नाही. कोयत्यातला पुरुषही उचलीने बांधलेला आहे. आणि साखरेच्या भावावर पोसलेल्या बंगल्यातली बाई व कोपीतली बाई यांना केवळ बाईपणाच्या नात्याने भगिनी म्हणणे हा एकीचा अपमान आहे.

आता आपल्या घरचा हिशेब. ‘आधी वर्गलढा, मग आपोआप स्त्रीमुक्ती’ हे वाक्य आपल्या चळवळीतले बुजुर्ग साथी अजूनही निर्धास्तपणे उच्चारतात. बेबेलने १८७९ साली व एंगल्सने १८८४ साली स्त्रीच्या दास्याची मुळे खाजगी मालमत्तेत दाखवली, हे युगप्रवर्तक कार्य होते. स्त्री दास आहे ती निसर्गाने नव्हे, इतिहासाने, एवढे एकच सत्य त्यांनी सांगितले असते तरी पुरेसे होते. परंतु ‘आपोआप’ हा शब्द कुठून आला? इतिहासाने तो खोटा ठरवला आहे. रशियन क्रांतीने १९१८ च्या कुटुंबकायद्याने विवाह व घटस्फोट यांचे पारंपरिक पाश तोडले, १९२० साली गर्भपात वैध केला, अलेक्झांड्रा कोलोन्ताईसारखी स्त्री मंत्रिपदी बसवली, सार्वजनिक भोजनगृहे व पाळणाघरे उभारण्याचे स्वप्न पाहिले. १९१९ साली पक्षात स्त्रियांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तोच विभाग १९३० साली, आता त्याची गरज उरली नाही असे सांगून बंद करण्यात आला आणि १९३६ साली गर्भपातावर बंदी आली. उत्पादनसाधनांची मालकी बदलली होती. भाकरीच्या चुलीपुढची मालकी बदलली नव्हती. जे आपोआप येते ते आपोआप जातेही. जे लढून घेतले व स्वतंत्र संघटनेने राखले, तेच टिकते.

या अनुभवातून समाजवादी स्त्रीवादाचा विचार जन्मला. १९७२ साली इटलीत मारियारोझा दाल्ला कोस्ता व तिच्या सहकारिणींनी दाखवले की, कामगाराची श्रमशक्ती बाजारात येण्यापूर्वी घरात घडवली जाते; ती घडवणाऱ्या स्त्रीला भांडवल एक छदामही देत नाही, म्हणून कामगाराचे वेतन स्वस्त राहते. १९७९ साली हायडी हार्टमनने मार्क्सवाद व स्त्रीवाद यांच्या नात्याला जुन्या इंग्रजी कायद्यातील विवाहाची उपमा दिली, ज्यात पत्नीचे अस्तित्व नवऱ्यात विरून जात असे. मराठी वाचकाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. तोच हा कोयता: माणसे दोन, मोजदाद एक, आणि त्या एकाचे नाव नवऱ्याचे.

हे केवळ उसाच्या फडात घडते असे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे सुमारे पाच तास खर्च करतात. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि असा हात लावणारे पुरुष शंभरात फक्त सव्वीस निघाले! आपले शासन या श्रमाकडे कसे पाहते? अंगणवाडी सेविका व आशा यांना ते कामगार म्हणायला तयार नाही. त्या ‘मानसेवी’, म्हणून त्यांना वेतन नाही, ‘मानधन’ आहे. मान सरकारचा आणि धन नावापुरते! २०२४ साली याच शासनाने ‘लाडकी बहीण’ म्हणून दरमहा पंधराशे रुपये जाहीर केले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा आला याचा खेद आम्हाला नाही. तिला त्याची निकड होती. पण शब्दाकडे पाहा. वेतन हा हक्क असतो, त्यासाठी भांडता येते. ओवाळणी ही भावाची मर्जी असते, तिच्यासाठी केवळ ओवाळता येते. श्रमाचे मोल नाकारायचे आणि नात्याच्या नावाने दान करायचे, ही सरंजामी रीत लोकशाहीच्या वस्त्रांत आली आहे.

परंतु समाजवादी स्त्रीवादालाही या मातीत एक उत्तर द्यावे लागते: जातीचे. ऊसतोडीला कोण जाते? कोरडवाहू, भूमिहीन, वंजारी, दलित, भटके. उसाची मालकी कोणाकडे आहे? तिथे ही नावे विरळाच. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात आंबेडकरांनी मांडले होते की, जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या स्त्रीला बांधणाऱ्या रूढी त्यासाठीच उपजल्या. म्हणजे स्त्रीच्या देहावर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, आणि जात टिकल्याशिवाय स्वस्त श्रम मिळत नाही. १९९० नंतरच्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतंत्रपणे बोलायला सुरुवात केली, शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या भूमिकेची तात्त्विक मांडणी केली, तेव्हा ‘चळवळीत फूट पाडू नका’ असे त्यांना ऐकवण्यात आले. पुरुष साथींनी स्त्रियांना जे ऐकवले होते तेच सवर्ण स्त्रियांनी दलित स्त्रियांना ऐकवावे, यापरता विपर्यास कोणता? अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कोम्बाही गटाने १९७७ सालीच जाहीर केले होते की, वंश, वर्ग व लिंग यांची दडपणे एकमेकांत गुंतलेली असतात. कोयता हा त्या गुंत्याचा मराठी पुरावा आहे.

येथे हमखास आक्षेप येतो: हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. उत्तम. मग मार्क्स काय सोलापुरात जन्मला होता? आणि वस्तुस्थितीही तशी नाही. मातंग समाजातील मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ साली छापला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ चे, म्हणजे एंगल्सच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधीचे; आणि त्यावर तुटून पडलेल्यांना जोतीराव फुल्यांनी ‘सत्सारा’त उत्तर दिले. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्या कोणा परदेशी ग्रंथाचे पारायण करून आल्या नव्हत्या. त्या आंदोलनाची मागणी भावाची होती; लाटणे फक्त तिच्याच हाती का, हा पुढचा प्रश्न तिथूनच निघाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नवरा-बायकोचा हिशेब वेगळा केला तर कामगारांची एकजूट मोडेल. आम्ही म्हणतो, जी एकजूट एकीच्या नावाशिवाय उभी आहे ती एकजूट नव्हे, ती मालकाला स्वस्तात मिळालेली सोय आहे. दोघांची मजुरी एकत्र धरल्याने लाभ कोणाचा? मुकादमाला एका उचलीत दोन माणसे मिळतात, कारखान्याला पाणी, चूल, पाळणाघर यांचा खर्च वाचतो. दोन नावे, दोन खाती, दोन सह्या झाल्या तर त्या दिवशी संपात उतरणाऱ्यांची संख्याही दुप्पट होईल.

म्हणून शाखांच्या वादातून जे हाती घ्यायचे ते स्पष्ट आहे. उदारमतवादाकडून कायद्याचे शस्त्र, जहाल विचाराकडून देहाचे राजकारण, मार्क्सवादाकडून शोषणाचे शास्त्र, समाजवादी स्त्रीवादाकडून घरश्रमाचा हिशेब आणि दलित स्त्रीवादाकडून या साऱ्यांना खालून पाहण्याची दृष्टी. ही गोधडी नव्हे. कोयत्याच्या एका अन्यायाला तोंड द्यायला ही सर्व आयुधे एकाच वेळी लागतात. मागण्याही त्यातूनच निघतात. ऊसतोड करारात स्त्रीचे स्वतंत्र नाव व तिच्या खात्यात स्वतंत्र मजुरी. पाळी, गर्भारपण व आजार यांसाठी खाड्याविना रजा. फडावर पाणी, शौचालय, पाळणाघर व दवाखाना, आणि त्यांचा खर्च कारखान्यावर. अंगणवाडी व आशा सेविकांना कामगाराचा दर्जा.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. पुढच्या शिबिरात स्त्रीवादाच्या शाखांवर व्याख्यान ठेवण्यापूर्वी स्वयंपाकाच्या पाळ्या लावा आणि पहिल्या पाळीत व्याख्यात्याचे नाव घाला. साथींनो, मुकादमाच्या वहीत दुरुस्ती मागायला जाणाऱ्यांनी आधी आपली वही स्वच्छ केली पाहिजे.