भाकरीची कविता आणि वाचकाचा ढेकर

आईच्या हातच्या भाकरीवरील कविता वाचली की आपले वाचक गहिवरतात, चव आठवून कवीला धन्यवाद देतात आणि पान उलटतात. या गहिवराला आमची हरकत आहे.

मोरोपंतांचे जन्मस्थान असलेल्या पन्हाळ्यावर येणारा पर्यटक झुणका-भाकर मागवतो, चव वाखाणतो. चुलीच्या धुरात बसलेली बाई त्याला दिसत नाही. कवितेचा वाचकही असाच पर्यटक झाला आहे.

वास्तविक थोर कवितेने ही बाई कधीच लपवलेली नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांच्या संसारावरील गाण्यात तव्याचा चटका आधी येतो, भाकर मागाहून. वाचकवर्गाने भाकर तेवढी उचलली. चटका कवयित्रीच्याच हातावर राहू दिला.

आठवण पवित्र असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आईच्या भाकरीवर डोळे पुसणाऱ्या किती पुत्रांनी ती हयात असताना काटवटीला हात लावला? आज तीच काटवट पत्नीपुढे, सुनेपुढे सरकली आहे. अशा वाचनाला रसिकता म्हणू नये. तो जेवणानंतरचा ढेकर होय. कविता खरोखरच भिडली असेल, तर वाचकाने आज संध्याकाळी स्वतः पीठ मळावे.