दुकान आपले, जागा परक्याची

नांदेड-लातूरकडची आपली शिकलेली मुले अलीकडे ऑनलाईन दुकाने चालवू लागली आहेत. कोणी आंबेडकरी साहित्य विकतो, कोणी बुद्धमूर्ती आणि फोटोफ्रेम. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आधी ऑर्डरी येतात, एरवी महिना कसाबसा निघतो. मग प्रश्न पडतो, अमेझॉन-फ्लिपकार्टवरच राहायचे, मीशोवर जायचे, की स्वतःची वेबसाईट काढायची? वरवर हा कमिशनचा प्रश्न वाटतो. मला तो मालकीचा वाटतो.

दुसऱ्याच्या जागेत आपला माल मांडणे म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापली नाही. अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी शेअर्सविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. आजच्या ऑनलाईन बाजारात गिऱ्हाईक दुकानदाराची जात विचारत बसत नाही. हा फायदा मी कमी लेखत नाही. ज्या मराठवाड्यात १९७८ साली नामांतराच्या रागातून आपली घरे जाळली गेली, तिथे गावच्या बाजाराची मर्जी न सांभाळता धंदा करता येणे ही मोठी गोष्ट आहे.

पण इथेही मर्जी आहेच, फक्त ती दिसत नाही. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी अमेझॉन व फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. ठराविक विक्रेत्यांना पुढे केले जाते, हा आरोप त्याच्या मुळाशी होता. कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने चौकशी थांबवण्यास नकार दिला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये एकाच प्रकारच्या विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल तर ती अटींमध्ये नमूद करावी, असे बंधन आहे. पण त्या अटी वाचतो कोण? माझ्याकडे असे करार घेऊन मुले येतात, तीही खाते बंद झाल्यावर. वाद कुठे चालवायचा हे कलम मी आधी पाहतो. बहुधा तिथे कंपनीच्या सोयीचे शहर असते. तीन हजारांच्या थकबाकीसाठी देगलूरचा पोरगा दिल्ली-बंगळुरूला जाणार आहे काय?

'शून्य कमिशन'चेही तसेच. मीशोने २०२१ मध्ये कमिशन शून्य केले, अमेझॉनने एप्रिल २०२५ पासून तीनशे रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवर. चांगलेच आहे. परंतु पाठवणी, परत आलेल्या मालाचा भुर्दंड आणि जाहिरात हे खर्च राहतातच. समजा दोनशेचे पुस्तक 'कॅश ऑन डिलिव्हरी'ने गेले आणि गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवले, तर विक्री शून्य आणि गठ्ठा मळलेला. शिवाय कंपनीने दिलेली सवलत कंपनीच काढून घेऊ शकते.

आता कर. पूर्वी अशा कंपनीमार्फत करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला सूट मिळाली, पण माल राज्याबाहेर पाठवायचा नाही या अटीवर. म्हणजे उदगीरच्या मुलाने मूर्ती दूरच्या नागपूरला पाठवली तर चालते, शेजारच्या बीदरला पाठवली तर सूट गेली! देगलूर-धर्माबादला तर तेलंगणा उंबऱ्याशीच आहे. स्वतःची वेबसाईट काढूनही ही अडचण टळत नाही. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की नोंदणीचा प्रश्न येतोच. छापील पुस्तकांवर मात्र जीएसटी नाही, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्यावर नोंदणीची सक्ती नाही. म्हणून पुस्तके आणि मूर्ती एकाच नावाने विकण्याआधी कोणाला तरी विचारा.

राहता राहिली ओएनडीसी. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेली, केंद्र सरकारने पुढे आणलेली ही व्यवस्था. एकदा माल नोंदवला की अनेक ॲपवर दिसतो, ही कल्पना मला पटते. पण तिथेही मध्ये विक्रेत्यासाठी एक ॲप लागते, तेव्हा त्याचे दर आधी विचारावेत.

माझे मत विचाराल तर पुस्तकवाल्यांनी स्वतःच्या वेबसाईटकडे सरकावे, मूर्ती-फ्रेमवाल्यांनी घाई करू नये. पुस्तकाचे गिऱ्हाईक आपल्याला नावाने शोधत येते, फ्रेमचे गिऱ्हाईक चित्र पाहून येते. मोठ्या कंपनीवर गिऱ्हाइकाचे नाव-नंबर आपले होत नाहीत आणि जमलेले अभिप्रायही बरोबर नेता येत नाहीत. म्हणून जुने खाते वर्षभर तरी बंद करू नका. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावावर नको. पैसे यूपीआयने थेट खात्यात घ्या. टपालाची रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा आपल्या प्रकाशकांना चांगलाच फटका बसला. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आहे, तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. पार्सल जमिनीवरून जाते, म्हणून उशीर लागतो. हे गिऱ्हाइकाला आधीच कळवा. आणि जी हलवाहलव करायची ती पावसाळ्यात करा, ६ डिसेंबरच्या तोंडावर नाही.