दिवाणी हक्क आणि आपली उदासीनता

कायदा म्हणजे पोलीसचौकी, ही समजूत कोलशेतच्या धम्मबांधवांनी टाकून द्यावी! फौजदारी कायदा गुन्हेगारास शिक्षा देतो. दिवाणी कायदा हक्क ठरवितो व नुकसान भरून देववितो. परंतु तेथे दावा आपणच, मुदतीच्या आत, लावावयाचा असतो.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा दिवाणीच होता. १९२७ साली तो स्पृश्यांनी बाबासाहेबांवर लावला. हक्क सांगेल त्याने पुरावा द्यावा, हा न्याय. अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात ते हरले.

नऊ वर्षे बाबासाहेब हा दावा लढले. आणि आपण आजही कोऱ्या कागदावर अंगठा उठवितो, पावती मागत नाही, सातबारा पाहत नाही! रूढी पुराव्याअभावी हरली. आपला हक्कही पुराव्याअभावीच हरेल. जय भीम!