खुराडे : तयार घ्यावे की बनवावे?

राहुरी परिसरात आपल्या कितीतरी घरांच्या परसात दहा-पाच कोंबड्या असतात. कारागिराच्या हाताला कधी काम असते, कधी नसते. अशा दिवसांत अंड्यांचा पैसा घराला आधार देतो आणि बहुधा तो घरातील बाईच्या हाती असतो. त्यामुळे खुराड्याचा प्रश्न किरकोळ समजू नये. एका रात्री मुंगूस आत शिरले तर सारे भांडवल संपते.

हल्ली रंगवलेली, घरपोच मिळणारी खुराडी निघाली आहेत. आम्हीही एक घेतले होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे लाकडी पाय कुजले, कुत्र्याने पातळ जाळी फाडली आणि अंड्यावर आलेल्या चार तलंगा गेल्या. विकणाऱ्याने हात झटकले. पण चूक आमचीही होती. आम्ही रंग पाहिला, जाळी पाहिली नाही.

म्हणून तयार माल वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. "घरी केले, फुकटात पडले," असे सांगणारेही हिशेबात चुकतात. पत्रा भंगारातून आणला, अँगल दुकानात पडून होते, हे खरे. पण वेल्डरचे किंवा सुताराचे जे दोन दिवस त्यात गेले, त्यांची मजुरी कोणी धरायची? हाती गिऱ्हाईकाचे काम असेल तर ते सोडून खुराडे करणे महागात पडते. काम मंदीत असेल तर मात्र स्वतःच करावे.

खर्च किती करावा, यालाही मर्यादा हवी. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 अंडी देते. दहा कोंबड्यांची 600 झाली. निम्मी घरी खाण्यात आणि खुडूक कोंबडीखाली ठेवण्यात गेली, तर विक्रीला 300 उरतात. त्यांना आपल्या बाजारातील भावाने गुणा आणि दाणा व लसीचा खर्च वजा करा. दोन वर्षांत जेवढे हाती उरेल, त्याच्या आत खुराडे बसले पाहिजे.

तयार घ्या की बनवून घ्या, पुढील गोष्टी तपासाव्यात. रात्रीच्या मुक्कामाला कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा धरली, तर दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फूट पुरते. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि खालच्या दोन फुटांत ती अर्ध्या इंचाची असावी. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवावा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन आत कमी येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत जातो आणि पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकतात. त्यावर उसाचे पाचट पसरावे, ते या भागात मुबलक मिळते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याही फिरतो, तेव्हा कडी साधी नको, कुलूप बसेल अशी हवी.

दाणा-पाणी उघड्यावर न ठेवता जाळीच्या आत ठेवावे. 2006 साली नवापूरला आणि 2021 साली परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला. असा रोग बाहेरच्या पक्ष्यांकडूनही येऊ शकतो. मानमोडीची लस मात्र वेळेवर टोचलीच पाहिजे. तिचे काम खुराडे करू शकत नाही.

आमचे मत असे की, ज्याला वेळ नाही त्याने दूरचा तयार माल मागवण्यापेक्षा गावातल्याच कारागिराकडून बनवून घ्यावे. माप आपल्या परसाचे राहते आणि पुढे डागडुजीला माणूस जवळ असतो. मात्र ओळखीचा म्हणून त्याची मजुरी कापू नये. वेल्डर बांधवांनीही मंदीच्या दिवसांत एक नमुना करून दुकानापुढे ठेवावा आणि माप, जाळी, दर स्पष्ट लिहावेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. तेथील पशुसंवर्धनाच्या जाणकारांना नमुना दाखवून दोष विचारून घ्यावेत. तेवढा हेलपाटा वाया जाणार नाही.