लिंकिंग: खताचे आणि संगणकाचे

'लिंकिंग' या शब्दाचा अर्थ मानोरा तालुक्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. युरियाची गोणी हवी, तर नको असलेली नॅनो युरियाची बाटलीही घ्या, ही सक्ती विदर्भाच्या परिचयाची आहे. तिच्याविरुद्ध देशभर एवढी ओरड झाली की जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ती थांबवण्यास सांगावे लागले. मात्र हाच शेतकरी मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घ्यायला जातो, तेव्हा तेथील लिंकिंगला कोणी लिंकिंग म्हणतही नाही.

यंत्रात विंडोज ही कार्यप्रणाली आधीच बसवलेली असते. ती वगळून यंत्र मागितले, तर बहुधा नकारच मिळतो. आणि तिची किंमत पावतीवर वेगळी दाखवलेली नसते. जी वस्तू नाकारता येत नाही आणि जिचा दाम कळत नाही, तिच्या विक्रीला व्यापार म्हणावे की वसुली?

यावर ठरलेले उत्तर असे की, ग्राहकांनाच ती हवी असते. ज्याला हवी त्याने ती दाम मोजून जरूर घ्यावी. प्रश्न नको असणाऱ्याचा आहे. शिवाय ही मागणी आपोआप उगवलेली नाही. यंत्रात आपली प्रणाली असो वा नसो, उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे घेण्याचे करार मायक्रोसॉफ्टने केले होते; अमेरिकन सरकारने कोर्टात खेचल्यावर १९९४ च्या तडजोडीत ते सोडावे लागले. महाराष्ट्रात शासकीय नोकरीच्या आशेने लाखो तरुणांनी 'एमएस-सीआयटी' केले, तेव्हा त्यांच्या हाताला वळण लागले ते याच कंपनीच्या मालाचे. आधी सवय लावायची आणि मग सवयीलाच पसंती म्हणायचे, ही मक्तेदारीची जुनी रीत आहे.

या पसंतीची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने बंद केला. नवी आवृत्ती असंख्य जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. म्हणजे चालते यंत्र केवळ कंपनीच्या निर्णयाने निकालात निघते.

पर्याय नाही, ही सबब खोटी आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत. ज्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, तिनेच 'बॉस' ही भारतीय भाषांत चालणारी मुक्त प्रणाली घडवली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१४ मध्ये, नको असलेल्या प्रणालीचे पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला.

भारतीय कायदाही मुका नाही. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे, याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा 'निर्बंधात्मक व्यापारी प्रथा' म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.

तेव्हा मागणी साधी आहे: प्रणालीची किंमत पावतीवर स्वतंत्र दाखवा, ती नाकारणाऱ्याला तेवढी रक्कम कमी करा आणि सरकारी पैशाने विंडोज-सक्तीची यंत्रे घेऊ नका. खताच्या लिंकिंगविरुद्ध कृषी कार्यालयावर धडकणाऱ्या कार्यकर्त्यांनी संगणकाच्या पावत्याही गोळा कराव्यात आणि वाशीमच्या ग्राहक आयोगाची पायरी चढावी. गोणीवरची सक्ती जर अन्याय असेल, तर लॅपटॉपवरची सक्ती सोय कशी ठरते?